फिलेची सुरी आणि तिची धार

आपल्या मंडळातल्या मासे खाणाऱ्या घरांत एक गोष्ट हटकून दिसते. लाकडी ठोकळ्यात आठ-दहा सुऱ्या ओळीने खोचलेल्या असतात आणि त्यातली एकही मासा नीट कापत नाही. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई किंवा सासूबाई पहिल्याच रविवारी कोरियन दुकानातला मासा ओट्यावर घेतात, सुरी लावून बघतात आणि विचारतात, "विळी नाही का रे घरात? ही कापत नाही, चेचते." त्यांचं म्हणणं खरं असतं. फक्त दोष सुरीचा नसतो. तिला विकत आणल्यापासून धारच लावलेली नसते.

गेली काही वर्षं मंडळाच्या उन्हाळी सहलीला मी दोन दगड आणि एक ओला टॉवेल घेऊन जातो आणि लोकांच्या सुऱ्यांना धार लावून देतो. मग तिथेच प्रश्न सुरू होतात. कुठलं यंत्र घ्यावं, ते ओढायचं प्लास्टिकचं चालेल का, विजेवरचं कसं, दगड जमेल का. उभ्या उभ्या दिलेली उत्तरं कोणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून या अंकात ती सविस्तर लिहितो. सगळ्या सुऱ्यांबद्दल नाही. फक्त माशाच्या फिलेसाठी जी लांब, अरुंद, लवचीक सुरी असते तिच्याबद्दल. तिची तऱ्हा वेगळी, म्हणून तिची धारही वेगळी.

फिले हवीच कशाला?

आपण मुळात फिले काढणारी माणसं नाही. आपल्याकडे सुरमईच्या आडव्या तुकड्या होतात, बांगड्याला चिरा देतात, पापलेट अख्खं भरलं तरी चालतं. काटा काढून टाकायची कल्पनाच आपल्या आयांना पटत नाही, कारण कालवणाची चव काट्यात आणि डोक्यात असते. आणि मासा कसा खावा, काटा जिभेने कसा बाजूला करावा, हे मुलांना जेवताजेवता आपोआप येतं.

इथल्या मुलांना ते येत नाही. एकदा घशात काटा अडकला की पुढची पाच वर्षं मासा बंद. मालवणी आजीचा नातू फिश स्टिक्सवर वाढतो. हे टाळायचं असेल तर घरात फिले काढता आली पाहिजे. मुलांना बिनकाट्याचं तळून द्यायचं आणि डोकं, मधला काटा कालवणाला आपल्यासाठी ठेवायचा. दुकानात फिले करून मागितली तर डोकं-काटा बहुधा तिथेच कचऱ्यात जातो आणि बरंचसं मांसही त्याला चिकटून जातं.

शिवाय न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांना आता मासेमारीचा नाद लागला आहे. बेलमारहून किंवा अटलांटिक हायलँड्सहून पार्टी बोटीवर जायचं आणि फ्लूक, पॉर्गी, ब्लॅक सी बास घेऊन यायचं. फ्लूक म्हणजे आपल्या लेपासारखा चपटा मासा, दोन्ही डोळे डाव्या अंगाला असलेला. त्याच्या एका माशातून चार फिले निघतात, वरच्या बाजूच्या दोन आणि खालच्या दोन. सुरी चांगली असेल तर मधला काटा आरपार दिसेल इतका स्वच्छ निघतो. सुरी बोथट असेल तर निम्मा मासा काट्यालाच राहतो.

बोथट सुरीच जास्त कापते

धारदार सुरीची लोकांना भीती वाटते. खरी भीती बोथट सुरीची बाळगायला हवी. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, मासा निसरडा असतो, आणि जोर लावलेली सुरी सटकली की ती डाव्या हातावरच येते. ओळखीतल्या एका काकांना पॉर्गीची कातडी सोडवताना असंच झालं. तळहाताला दोन टाके पडले, आणि सुरी कशी होती म्हणाल तर तिने टोमॅटोसुद्धा कापला नसता.

समुद्राच्या माशाच्या बाबतीत या जखमेला आणखी एक बाजू आहे. कोमट खाऱ्या आणि मचूळ पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात. मे ते ऑक्टोबर या उन्हाळी महिन्यांत त्यांचा त्रास जास्त. त्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा प्रकार जखमेतून शरीरात गेला तर फार झपाट्याने वाढू शकतो. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांना धोका अधिक असतो, आणि मधुमेह आपल्या किती घरांत आहे हे मी सांगायला नको. म्हणून मासा साफ करताना कापलं तर हात लगेच साबण-पाण्याने धुवायचा. काही तासांत लाली, सूज किंवा दुखणं वाढू लागलं, ताप आला, तर हळद दाबून बसू नका, डॉक्टरकडे जा आणि मासा कापताना लागलंय हे आवर्जून सांगा. डाव्या हातात कट-रेझिस्टंट हातमोजा घालावा. तो धारेपासून वाचवतो. टोकाने भोसकलं तर त्याचा भरवसा नाही.

या सुरीचा स्वभाव

फिलेच्या सुरीचं पातं साधारण 6 ते 9 इंच लांब, जेमतेम पाऊण इंच रुंद आणि पातळ असतं. पातं लवतं ते पातळ असल्यामुळे, आणि लवतं म्हणूनच ते काट्याला लागून सरकतं. पोलाद बहुधा स्टेनलेस, कारण खारं पाणी साध्या पोलादाला एका दिवसात गंजवतं. कडकपणा रॉकवेल मापात साधारण 54 ते 58. जपानी स्वयंपाकाच्या सुऱ्या 60 च्या पुढे असतात. म्हणजे फिलेची सुरी तुलनेने मऊ. तिची धार लवकर जाते, पण लवकर येतेही.

पुष्कळांकडे बर्चच्या लाकडी मुठीची, चामड्याच्या म्यानातली रापालाची सुरी असते. ती फिनलंडमध्ये रोवानिएमीच्या मार्तीनीच्या कारखान्यात होते. हा कारखाना 1928 सालापासून सुऱ्या करतो. महाग सुरी नाही, पण दगडावर पटकन वळणावर येते. धार लावायला शिकायचं असेल तर अशाच सुरीवर शिकावं.

धारेचा कोन प्रत्येक बाजूला 15 ते 17 अंश ठेवावा. साध्या युरोपीय धाटणीच्या सुऱ्यांना 20 च्या आसपास ठेवतात. 20 अंशांची धार जास्त टिकते, पण कातडी सोडवताना ती मांसातून सरकत नाही, अडते. 12 च्या खाली गेलात तर मऊ पोलादाची धार पहिल्याच बरगडीला दुमडते.

कुठलं साधन घ्यावं?

दुकानात जे मिळतं त्याचे ढोबळ पाच प्रकार आहेत.

पहिलं, खाचेतून ओढायचं साधन. दहा-पंधरा डॉलरला मिळतं आणि बहुतेक घरांत हेच असतं. त्यात कार्बाइडच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या बसवलेल्या असतात आणि त्या पोलाद घासत नाहीत, खरवडतात. कोन ठरलेला आणि बहुधा 20 च्या आसपास. लवचीक पातं त्या खाचेत थरथरतं आणि धार करवतीसारखी दातेरी होते. दोन मासे झकास कापले जातात, तिसऱ्याला पुन्हा ओढावं लागतं, आणि दोन-तीन वर्षांत पातं झिजून निम्मं होतं. बोटीवर अडीनडीला ठीक, घरासाठी नको.

दुसरं, विजेवरचं. जाड सुऱ्यांना चालतं. पण आपलं पातं पातळ, त्यामुळे धारेचं टोक पटकन तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. मुठीजवळचा भाग चाकापर्यंत पोचत नाही, तिथे हळूहळू खळगा पडतो. मी फिलेच्या सुरीसाठी हे सुचवत नाही.

तिसरं, सुरी पकडीत धरून ठरलेल्या कोनात दगड फिरवायचं साधन. लॅन्स्कीच्या संचात 17, 20, 25 आणि 30 अंश मिळतात. त्यातला 17 आपल्याला सोयीचा. हात स्थिर नसणाऱ्यांना हे बरं. अडचण एकच. पकडीपासून लांबचं पातं दाबाखाली लवतं आणि तिथे कोन बदलतो. म्हणून लांब पात्याला पकड दोन ठिकाणी लावून, दोन टप्प्यांत काम करावं आणि हात हलका ठेवावा.

चौथं, सिरॅमिकच्या तिरप्या उभ्या काड्या. स्पायडर्कोच्या शार्पमेकरमध्ये काड्या प्रत्येक बाजूला 15 किंवा 20 अंशांत बसवता येतात. सुरी सरळ उभी धरून वरून खाली ओढायची, कोन काड्याच सांभाळतात. ज्यांना दगडाच्या वाटेला जायचंच नाही त्यांना मी हेच सांगतो. किंमत दगडापेक्षा जास्त आणि अगदीच बोथट झालेल्या सुरीला वेळ लागतो, पण नेहमी हात फिरवत राहिलात तर सुरी अगदीच बोथट होणारच नाही.

पाचवं आणि माझ्या मते सर्वांत चांगलं, साधा सपाट दगड. आपल्या भाषेत निसणा. जपानी पद्धतीचा पाण्याचा दगड घ्यावा, एका बाजूला 1000 आणि दुसऱ्या बाजूला 3000 ते 6000 ग्रिटचा. आकडा जितका मोठा तितके कण बारीक. 400 च्या खालचा भरड दगड पात्याला टवके उडाले असतील तरच लागतो. हिऱ्याच्या कणांच्या धातूच्या पट्ट्याही मिळतात. त्यांना भिजवावं लागत नाही आणि त्या मध्ये खोलगट होत नाहीत, म्हणून प्रवासाला उत्तम. पण त्या झपाट्याने कापतात, हात फार हलका हवा.

स्वयंपाकाच्या सुऱ्यांबरोबर जो लोखंडी दांडा येतो तो यात धरला नाही, कारण तो धार लावत नाही. दुमडलेली धार तो सरळ करतो. धार असेल तर टिकवतो, गेली असेल तर आणत नाही. फिलेच्या सुरीला खरबरीत लोखंडी दांड्यापेक्षा बारीक सिरॅमिकचा दांडा बरा.

दगडावर धार लावताना

विळीचं पातं पाटावर पक्कं असतं, म्हणून तिला धार लावताना बहुधा दगडच पात्यावर फिरवतात. इथे उलटं. दगड पक्का आणि सुरी फिरती. त्यामुळे दगड हलता कामा नये. खाली ओला टॉवेल घाला. पाण्याचा दगड भिजवायच्या जातीचा असेल तर 10-15 मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत, पाण्यात ठेवा. काही दगडांवर नुसतं पाणी शिंपडलं तरी पुरतं. दगडाच्या खोक्यावर ते लिहिलेलं असतं.

आता कोन. 15 अंश डोळ्यांनी कळत नाहीत, पण नाण्यांनी कळतात. अमेरिकन क्वार्टर 1.75 मिलिमीटर जाड असतं. तीन क्वार्टर एकावर एक म्हणजे 5.25 मिलिमीटर. आपलं पातं धारेपासून पाठीपर्यंत साधारण 20 मिलिमीटर रुंद. धार दगडावर टेकवून पाठीखाली ही तीन नाणी ठेवली की कोन बरोबर 15 च्या थोडा वर येतो. चार नाणी ठेवलीत तर 20. मनगटाला ती उंची एकदा कळली की नाणी काढून घ्या. टोकाकडे पातं निमुळतं होतं, तिथे तीच उंची ठेवलीत तर कोन वाढेल. टोकाकडे जाताना पाठ थोडी खाली येऊ द्या आणि मूठ किंचित उचला, म्हणजे वळणारी धार दगडाला टेकलेली राहील.

कोन बरोबर लागतोय का हे बघायला धारेच्या कडेवर काळ्या मार्करने रेघ ओढा. दगडावर दोनदा फिरवा आणि बघा. शाई अगदी धारेवरची गेली असेल तर कोन बरोबर. धारेवर शाई राहिली आणि वरची गेली तर पाठ थोडी उचला. फक्त टोकाची कड पुसली गेली तर पाठ खाली आणा. मुलांना शिकवताना ही युक्ती फार उपयोगी पडते. त्यांना आपली चूक स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

डाव्या हाताची दोन-तीन बोटं पात्यावर, धारेच्या जवळ पण धारेवर नाही. जिथे बोटं तिथेच दगड कापतो, कारण पातं लवचीक आहे. मुठीपासून टोकापर्यंत तीन-चार टप्पे करा आणि एकेका टप्प्यावर दहा-पंधरा वेळा पुढे-मागे फिरवा. सुरी धारेच्या उलट दिशेला जात असताना थोडा दाब, परतताना नुसता स्पर्श. दाब म्हणजे भाकरीच्या पिठाला देतो तो नाही, साय बाजूला सारावी इतकाच. दगडावर करडं पाणी जमेल, ते पुसू नका, तेच काम करतं.

काही वेळाने दुसऱ्या बाजूला पोलादाची बारीक खरखर उभी राहते. अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर असा आडवा फिरवला की ती जाणवते. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नका. ही खरखर मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे आली म्हणजे एक बाजू झाली. ती येण्याआधी बाजू बदलली तर तासभर घासूनही धार येत नाही. बहुतेक लोक इथेच कंटाळतात आणि दगड कपाटात टाकतात.

दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग ही खरखर काढायची. स्टेनलेस पोलाद मऊ आणि चिवट, ती सहज पडत नाही, एका बाजूकडून दुसरीकडे वळत राहते. म्हणून फेऱ्या कमी करत जा. दोन्ही बाजूंना पाच-पाच, मग तीन-तीन, मग एक-एक, प्रत्येक वेळी दाब कमी. त्यानंतर 3000 च्या बाजूवर हेच थोडक्यात. फिलेसाठी त्यापुढे जायची गरज नाही. आरशासारखी गुळगुळीत धार माशाच्या कातडीवरून घसरते. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर किंवा जुन्या जीन्सच्या कापडावर आठ-दहा वेळा ओढा, धार मागे ठेवून. आपल्याकडे न्हावी चामोट्यावर वस्तरा ओढत, तसंच.

वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापून बघा. सुरी कुठेही न अडकता गेली तर झालं. ज्या जागी अडकली तिथे खरखर राहिली आहे. मग सुरी साबणाने धुवा, कारण पात्यावर पोलादाचा आणि दगडाचा चुरा असतो.

कोकणात पडवीबाहेर कोयते पाजवायचा दगड असतो, तो मध्ये खोलगट झालेला दिसतो. कोयत्याला ते चालतं. आपल्या दगडाला चालत नाही, कारण खोलगट दगडावर कोन सांभाळता येत नाही. दोन-चार वेळा वापरला की दगडावर पेन्सिलीने रेघा मारून तो हिऱ्याच्या पट्टीवर किंवा सपाट काचेवर पाण्याचा सँडपेपर ठेवून घासावा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट.

धार टिकवायची तर

काचेच्या आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर मासा कापू नका. लाकडी किंवा प्लास्टिकची फळी घ्या. खवले सुरीच्या धारेने काढू नका, पाठीने किंवा चमच्याने काढा. मोठ्या माशाचा मधला काटा तोडायला जाड सुरी वेगळी ठेवा. डिशवॉशरमध्ये ही सुरी घालू नका. गरम पाणी, तिखट साबण आणि भांड्यांची आदळआपट, तिन्ही वाईट. म्यान चामड्याचं असेल तर सुरी त्यात ठेवून देऊ नका, चामडं ओल आणि मीठ धरून ठेवतं. कोरडी करून वेगळी ठेवा.

सहलीला भाड्याच्या घरात कधीच बरी सुरी नसते. तिथे एक सोपा उपाय आहे. कॉफीचा चिनीमातीचा मग उलटा करा. तळाची कडा बिनचकचकीत, खरखरीत असते. तिच्यावर 15-20 अंशांत दोन्ही बाजूंनी सात-आठ वेळा हलकेच ओढा. रविवारच्या कालवणापुरती धार येते. भारतात घेऊन जायची असेल तर सुरी नीट गुंडाळून सामानाच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत नाही.

धार लावायला शिकायला दोन-तीन शनिवार लागतात. त्यानंतर महिन्यातून एकदा वीस मिनिटं पुरतात. घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि मार्करची युक्ती दाखवा. सुरीशी जपून वागायला दगडासमोर बसून जितकं लवकर कळतं तितकं सांगून कळत नाही. मग त्यांनीच काढलेली फ्लूकची फिले रव्यात घोळवून तळा, आणि डोकं-काटा आजीकडे द्या. कालवण तिचंच चांगलं होतं.